गाडी उलार होऊ नये म्हणून

सहलीला, मुक्कामाला, आडवाटेला नेण्यासाठी घरच्या एसयूव्हीत काय बदल करावेत याचा आराखडा टायरपासून सुरू होत नाही आणि बंपरपासून तर मुळीच नाही. तो वजनापासून सुरू होतो. प्रत्येक गाडीला उत्पादकाने दोन वजने ठरवून दिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे, इंधन आणि तेलपाण्यासह. दुसरे माणसे, सामान, सगळे धरून जास्तीत जास्त भरलेल्या गाडीचे. पहिले दुसऱ्यातून वजा केले की उरते ती गाडीची कुवत. ब्रेक, स्प्रिंगा, आस, टायर या सगळ्यांचा हिशेब त्या दुसऱ्या आकड्यापर्यंतच केलेला असतो. गाडीला बाहेरून जोडलेली प्रत्येक वस्तू याच कुवतीतून आपला वाटा घेते, आणि तो वाटा गाडी विकेपर्यंत परत मिळत नाही.

एक खरी गाडी घेऊन ही वजाबाकी करता येते. श्रोत्यांनी हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्यावी. जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आलेली पाच दारांची जिम्नी ही आडवाटेसाठीच बांधलेली गाडी. खाली शिडीसारखी चौकट, पुढे-मागे अखंड आस, चारही चाकांना जोर देण्याची आणि तो मंदगतीत वाढवण्याची सोय. तिचे पूर्ण भरलेले वजन १५४५ किलो, ऑटोमॅटिक प्रकाराचे रिकामे वजन १२१० किलो. कुवत राहिली ३३५ किलो. आता आई-वडील ७० आणि ६०, मुले ४० आणि ३०, म्हणजे २०० किलो. उरले १३५. छतावर पोलादी कॅरिअर २५ आणि त्यावर उघडणारा तंबू ५० किलोचा. उरले ६०. पुढे लोखंडी बंपर ४५ किलोचा. उरले १५. त्यात अडकलेली गाडी ओढून काढणारी ३० किलोची विंच बसवली की हिशेब १५ किलोंनी तुटीत गेला. अजून पाण्याचा एक कॅन गाडीत चढलेला नाही, शेगडी नाही, अंथरूण नाही, शिध्याची पिशवीही नाही. हौशी मालक बहुधा याच क्रमाने खरेदी करतो आणि घाटात ब्रेक उशिरा लागतात म्हणून ब्रेकला दोष देतो.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कुठे ठेवले याला असते, आणि हे ज्याने बैलगाडी भरलेली आहे त्याला शिकवावे लागत नाही. साट्यात पोती रचताना जाणता गाडीवान जू हातात धरून उचलून पाहतो. भार आसाच्या पुढे फार गेला की जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे फार गेला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि सापत्यांनी बैलांचे गळे आवळतात. मग गाडीवान काय करतो? पोती कमी करत नाही, आधी एखादे पोते हातभर पुढे सरकवतो. चढाला लागण्यापूर्वी तर नक्कीच, कारण सपाटीवर बरोबर तोललेली गाडी चढावर आपोआप उलार होऊ पाहते. मोटारीला चार चाके असल्याने ती मागे कलंडत नाही, पण उलार होतेच. फक्त बैलांचे डोळे वटारलेले दिसतात तसे पुढच्या चाकांचे दिसत नाहीत.

वरच्या जिम्नीच्या दोन आसांतले अंतर २५९० मिलिमीटर आहे. तिच्या मागच्या आसापासून ८०० मिलिमीटर मागे, म्हणजे मागच्या दाराबाहेर, ३० किलोचे सामान टांगले तर मागच्या चाकांवर ३० नव्हे, ३९ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा ९ किलोंनी कमी होतो. उलट पुढच्या आसाच्या ७०० मिलिमीटर पुढे ७५ किलोंचा बंपर-विंच जोड बसवला तर पुढच्या चाकांवर सुमारे ९५ किलो येतात आणि मागची चाके २० किलोंनी हलकी होतात. बाजारातल्या बहुतेक घरगुती एसयूव्ही फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर चालतात. अशा गाडीचे बूड सामानाने भरून ती ओल्या चढावर नेली की जोर लावणारी चाकेच हलकी पडतात आणि जागच्या जागी फिरतात. त्यावर महागडे टायर हा उपाय नाही. पाण्याचे कॅन मागच्या दारातून काढून मधल्या आसनाच्या पायांपाशी ठेवणे हा उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

म्हणून कोणताही बदल करण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर किंवा मार्केट यार्डाजवळ असा काटा सापडतो. उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मध्ये घरची गाडी उभी राहिली की काटेवाला खिडकीतून वाकून बघतो, पण चिठ्ठी देतो. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. अशा तीन चिठ्ठ्या कराव्यात. ट्रकसाठीचा काटा साधारण दहा-दहा किलोंच्या टप्प्यांनी वाचतो, तेव्हा थोडा फरक धरून चालावे. पुढच्या आणि मागच्या आसाची वेगवेगळी कमाल मर्यादा गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा गाडीवरच्या पट्टीवर सापडली तर ती चिठ्ठीशी ताडून पाहावी. ज्या गाडीची अशी चिठ्ठी नाही, तिच्या बदलांचा आराखडा म्हणजे नुसती खरेदीची यादी.

या यादीच्या आड कायदाही येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. गाडीपुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डांवर कारवाई करावी असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. अशा गार्डामुळे धडकेचा जोर गाडीच्या चुरगळणाऱ्या भागात न जिरता थेट चौकटीत जातो, एअरबॅग उघडण्याच्या वेळेत गडबड होऊ शकते आणि समोरच्या पादचाऱ्याची तर धडगतच नाही. वरच्या हिशेबातला ४५ किलोंचा बंपर असा दोन्हीकडून बाद होतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल भरपाईच्या वेळी अडचण ठरतो, ही गोष्ट वेगळीच.

यानंतर टायर. खर्च करायचाच तर इथे करावा. रस्त्यासाठीचे एचटी, मिश्र वापराचे एटी आणि चिखलाचे एमटी असे तीन प्रकार सगळ्यांना माहीत असतात. वर्षातले बहुतेक किलोमीटर डांबरावर जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला एटी पुरेसे असतात. सह्याद्रीत टायर फाटतो तो बहुधा तळाशी नव्हे, बाजूने. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर किंवा घाटमाथ्यावरच्या काळ्या दगडाच्या वाटेवर कड लागून बाजूची भिंत चिरली जाते, आणि ती पंक्चरवाल्याच्या हातात दुरुस्त होत नाही. एटी टायर घेताना बाजूच्या भिंतीची मजबुती पाहावी, ती खाचांच्या खोलीपेक्षा जास्त कामाची.

टायरचा आकार वाढवण्याचा मोह सर्वांनाच होतो. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिलिमीटर. तिथे २३५/७५ आर १५ बसवला तर व्यास सुमारे ७३३ होतो, म्हणजे गाडी २० मिलिमीटरने उंच होते. पण चाकाचा घेर जवळजवळ ६ टक्क्यांनी वाढतो. वेगदर्शक ८० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीच्या हिशेबाने ८५ च्या जवळ असते. इंजिनाला चाक फिरवायला जास्त जोर लागतो, ब्रेकला थांबवायला जास्त. शिवाय प्रत्येक चाक काही किलोंनी जड होते ते वेगळे, आणि जादा चाक धरून चाके पाच असतात. वजनाचा हिशेब पुन्हा आलाच.

टायर बदलण्याआधी टायरमधली हवा बदलून पाहावी. रस्त्यावर ३०-३५ पीएसआय असलेला दाब खडबडीत वाटेवर २०-२२ पर्यंत, भुसभुशीत वाळूत १५-१८ पर्यंत उतरवला की टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडाला धरून वाकतो आणि गाडीतल्यांचे मणकेही वाचवतो. मात्र त्या दाबावर वेग तीसच्या आत ठेवावा, गच्च वळण घेऊ नये आणि डांबर लागताच हवा परत भरावी. त्यासाठी १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि खात्रीचा दाबमापक लागतो. दोहोंचे मिळून वजन दोन-तीन किलो. किलोमागे उपयोग मोजायचा ठरवला तर याच्याशी बरोबरी करणारी वस्तू दुकानात नाही. मोठा कॉम्प्रेसर लायटरच्या खाचेत लावला तर फ्यूज जातो. त्याचे चिमटे सरळ बॅटरीला लावावेत.

पावसाळ्यातल्या काळ्या मातीपुढे मात्र दाब आणि टायर दोन्ही हतबल होतात. ही चिकण माती खाचांत भरून चाकाचा गुळगुळीत गोळा करते आणि मडगार्डपर्यंत थापली जाते. बदलांच्या आराखड्यात यावर कलम नाही. अशा शेतवाटेला जून ते सप्टेंबर गाडी घालूच नये, शेतकऱ्याचा बांध मोडतो तो निराळाच. किनाऱ्याच्या वाळूचीही तीच गोष्ट: गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे, आणि भरती कॉम्प्रेसरची वाट पाहत नाही.

गाडी उंच करण्याबद्दल गैरसमज फार आहेत. लांब स्प्रिंगा घालून गाडी ४० मिलिमीटर उचलली तर अंग उचलले जाते, आस नाही. अखंड आसाच्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून पूर्वी होता तेवढाच राहतो, आणि दगडाला आधी तोच लागतो. तो उचलतो फक्त मोठा टायर. स्प्रिंगांनी फायदा होतो तो नाकाचा आणि बुडाचा, म्हणजे चढाच्या पायथ्याशी बंपर न घासण्याचा. त्याच्या बदल्यात गुरुत्वमध्य वर जातो, सुकाणू भिरभिरते, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत जोडदांड्यांवरचे रबरी बूट लवकर फाटतात. बऱ्याचदा गाडीला उंची नको असते. मागे भरलेल्या सामानाने बसलेली गाडी पूर्ववत सरळ उभी राहणे एवढेच हवे असते. त्याला भारानुसार निवडलेल्या स्प्रिंगा पुरतात, आणि त्याही वजनकाट्याची चिठ्ठी हातात असल्याशिवाय निवडता येत नाहीत. जास्त कडक स्प्रिंग घातली तर एरवी रिकामी फिरणारी गाडी सहा दिवस उडत राहते आणि सातव्या दिवशीच्या सहलीपुरती शहाणी होते. स्प्रिंग बदलली तरी कमाल वजनाचा आकडा वाढत नाही, हे मात्र दोनदा सांगितले पाहिजे. स्प्रिंग बदलली तरी तो आकडा वाढत नाही.

पोटाखालच्या पत्र्याबद्दल थोडक्यात. इंजिनाचे तेलपात्र आणि गिअरबॉक्स यांखाली संरक्षक पत्रा असावा, पण तेल सोडायला भोक आणि वारा खेळायला फटी असलेला. पाण्यातून जाण्यासाठी लावला जाणारा स्नॉर्केल फक्त इंजिनाचे नाक वर नेतो. दाराच्या फटी आणि विजेचे जोड पाण्यात तसेच राहतात, आणि वाहत्या ओढ्याने गाडी ढकलली जाणार ती स्नॉर्केलसकट.

अडकलेली गाडी काढण्याच्या सामानाला मात्र वजनाच्या हिशेबात पहिला मान द्यावा. अनेक गाड्यांच्या बंपरवर एक चौकोनी टोपण असते, ते काढले की आत आटे असलेले भोक दिसते. गाडीसोबतच्या हत्यारांत मिळणारा टोइंग हुक त्यात पिळून बसतो. तो सरळ रेषेत संथ ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. झटका देऊन काढायचे तर चौकटीला बोल्टने बसवलेला, भारक्षमता कोरलेला हुक लागतो. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवून कधीही ओढू नये. तो तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो, आणि यात माणसे मेलेली आहेत. ताणला जाणारा पट्टा, क्षमता लिहिलेल्या दोन शॅकल, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, एक फावडे. सगळे मिळून पंधरा-वीस किलो. बहुतेक वेळा फावडे आणि उतरवलेली हवा यांनीच काम भागते. विंच घ्यायचीच तर पोलादी तारेऐवजी कृत्रिम दोराची घ्यावी, वजन काही किलोंनी वाचते.

विजेच्या कामाला वेळ फारसा उरलेला नाही. जादा दिवा किंवा फ्रिज जोडताना मूळ वायर कापून जोड देऊ नये. बॅटरीपासून वेगळी जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, दिव्यासाठी रिले, एवढे पाळावे. दुसऱ्या बॅटरीचा विचार १५-२० किलो बाजूला काढता आले तरच. जादा दिवे सार्वजनिक रस्त्यावर झाकलेले ठेवावेत.

छत शेवटी, आणि शक्य तर रिकामेच. चालत्या गाडीच्या छतावर किती भार चालतो हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. अनेक गाड्यांत तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो आणि कॅरिअरचे वजन त्यातच धरायचे असते. जमिनीवर लावायचा चौघांचा तंबू सहा-सात किलोंचा मिळतो. ज्या हिशेबात मघाशी १५ किलोंची तूट आली होती, त्यातून छतावरचा भार, बंपर आणि विंच काढले तर १३५ किलो परत हाती येतात. त्यात तंबू ७, चार जणांचे अंथरूण १२, पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो, सिलिंडर-शेगडी १५, अडकल्यावरचे सामान २०, कॉम्प्रेसर ३, कपडे आणि शिधा ३०. एकूण १२७. आठ किलो शिल्लक.

निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे भरून, माणसे बसवून, गाडी पुन्हा त्याच काट्यावर न्यावी आणि पुढच्या-मागच्या आसांच्या चिठ्ठ्या पहिल्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहाव्यात. मागचा आकडा फार वाढलेला असेल तर पाण्याचे कॅन पुढे सरकवावेत. मग टायरचा दाब भरावा. भरलेल्या गाडीसाठी तो वेगळा असतो. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत पूर्ण भाराचा स्वतंत्र रकाना असतो, आणि मागच्या चाकांचा आकडा पुढच्यांहून अनेकदा जास्त असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.