कागद ठेवण्याआधी फाइल उघडा



वेळ थोडा आहे आणि मला एकच गोष्ट सांगायची आहे. घरच्या यंत्रावर कागद स्कॅन केलात की मूळ कागद कपाटात ठेवण्यापूर्वी ती फाइल उघडा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघा. पुढची काही मिनिटं मी हेच सांगणार आहे.

आमच्या गोव्यातल्या मुळगावात, साऱ्या डिचोली तालुक्यातच म्हणा, जमिनीचा कागद म्हणजे जिवाभावाची वस्तू. एक-चौदाचा उतारा, मुंडकाराच्या घराचे कागद, आजोबांच्या नावावरचा पोर्तुगीज काळातला दस्तऐवज. त्यात खाणपट्ट्याच्या हद्दीत कुणाचं घर येतं, कुणाची बागायत येते, हा प्रश्न गावात आहेच. त्यामुळे जो तो कागद स्कॅन करतो, मुलाला पाठवतो, वकिलाला पाठवतो. फक्त उघडून बघत नाही. आणि अर्ज करायच्या दिवशी पडद्यावर येतं, फाइल खराब आहे.

आपण पावसाळ्यासाठी तोरं, म्हणजे कच्चे आंबे, चेपणीला घालतो. बरणी कोरडी करतो, मीठ घालतो, वर धोंडा ठेवतो, तोंडाला फडकं बांधतो. पण बांधून विसरत नाही. चार दिवसांनी फडकं सोडून बघतोच, तोरं पाण्याखाली आहेत ना, वर बुरशी आली नाही ना. फाइल ही तशीच बरणी आहे.

आता फडक्याचंच बघा. पीडीएफ फाइलमध्ये कुठलं पान कुठे आहे याची नोंद सर्वसाधारणपणे फाइलच्या अगदी शेवटी असते. ती लिहून होण्याआधी वीज गेली, किंवा कॉपी पुरी व्हायच्या आत पेनड्राइव्ह उपसला, तर पानं आत असूनही बरणी बांधलेली नसते. संगणकाला पान सापडत नाही. म्हणून पेनड्राइव्ह काढताना आधी ‘इजेक्ट’ म्हणा. आणि दुरुस्तीच्या खटपटीत पडू नका. मूळ कागद हाताशी असेल तर पुन्हा स्कॅन करणं हाच सोपा उपाय. हाताशी असेल तर! म्हणून म्हणतो, आधी उघडा, मग कागद ठेवा.

दुसरं, फाइलचं नाव. सर्वे नंबर 45, पोटविभाग 2, म्हणून आपण 45, तिरकी रेघ, 2 असं टाइप करतो. विंडोजला फाइलच्या नावात ती तिरकी रेघ चालत नाही. कागदावर ती हवीच, फाइलच्या नावात तिथे आडवी रेघ द्या.

तिसरं, आकार. ए-फोर पान 300 डीपीआयवर घेतलं की सुमारे 87 लाख ठिपके होतात. 600 वर घेतलं की त्याच्या चौपट. साध्या छापील कागदाला 300 पुरे. उगाच गच्च भरलेली बरणी फडताळात जात नाही, तशी ती फाइल सरकारी पोर्टलवर चढत नाही.

आता छपाई. टाइप केलेल्या मजकुराची प्रिंट काढताना मराठीच्या जागी चौकोन उमटले तर शाई बदलू नका, दोष फॉन्टचा असतो. छपाईच्या प्रगत पर्यायांत ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडून बघा. कागदाचा आकार चुकीचा असा इशारा आला तर सेटिंगमध्ये ‘लेटर’ आहे का ते तपासा. ते अमेरिकेतलं माप. आपल्याला ए-फोर हवं.

हे सगळं जमलं तरी उघडून बघायचंच. कारण ऐका. 2013 च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही ऑफिसातली यंत्रं स्कॅनमधले आकडेच बदलत होती. एका घराच्या नकाशावर खोलीचं क्षेत्रफळ 21.11 चौरस मीटर होतं, स्कॅनमध्ये ते 14.13 झालं. फाइल लहान करताना यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होतं. पान स्वच्छ, अक्षर सुबक, इशारा काही नाही, आणि आकडा चूक! पुढे कंपनीने दुरुस्ती दिली. पण आपल्या उताऱ्यावर सर्वे नंबर आणि चौरस मीटर हेच तर सगळं असतं. तेव्हा बरणीवरचं फडकं नीट दिसतं एवढ्यावर थांबू नका, आतलं तोर चाखून बघा. मूळ कागद शेजारी धरा आणि प्रत्येक आकडा बोट ठेवून ताडा. दोघांनी बसून केलंत तर उत्तम, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं.

जुन्या कागदांबद्दल खूप सांगायचं होतं. मोडीतले, पोर्तुगीजमधले ठिसूळ कागद वरच्या फीडरमधून कधीच घालू नका, काचेवरच ठेवा. घडीवर फाटलेला असेल तर... पण समोरून खूण होते आहे, वेळ झाली.

तेव्हा एवढं करा. आज जेवणं झाली की आतापर्यंत स्कॅन केलेल्या फाइली एकेक करून उघडा, शेवटचं पान येतं का बघा, आकडे ताडा. जी उघडणार नाही तिचा कागद उद्या सकाळीच पुन्हा काचेवर ठेवा. कंटाळा करू नका.