जुन्या ट्रकची तेलगळती : आधी ओळखा, मग खोला



शेतीच्या कार्यक्रमात ट्रकचं काय काम, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु माल पिकवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो वेळेवर बाजारात पोचणंही महत्त्वाचं आहे. कांदा लासलगावला न्यायचा असो की टोमॅटो नारायणगावला, भाड्याची गाडी ऐनवेळी मिळत नाही. म्हणून दोघे-तिघे भाऊबंद मिळून जुना डिझेल ट्रक घेतात. असा ट्रक काल संध्याकाळपर्यंत ठीक चाललेला असतो, आणि पहाटे माल भरताना खाली तेलाचं थारोळं दिसतं. अशा वेळी काय करावं आणि काय करू नये, ते आज पाहू.

अशा वेळी काही जण 'बाजार गाठू, मग बघू' म्हणून गाडी तशीच दामटतात. तेल संपलं की बेअरिंगे जळतात, इंजिन जाम होतं आणि हंगामाची कमाई दुरुस्तीत जाते. दुसरे काही जण घाबरून लगेच इंजिन खोलायला सांगतात. दोन्ही गोष्टी टाळा. गळती कसली, कुठून आणि कशामुळे, हे तीन प्रश्न आधी सोडवा. त्याला फार तर तासभर लागतो.

सुरुवातीला गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घालून पाहा. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल, तर तेल भरल्याशिवाय इंजिन चालू करू नका. चालत्या गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला किंवा काटा खाली आला, तर तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत जाऊ, असं म्हणू नका.

आता पहिला प्रश्न, गळतंय ते काय? गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा आणि पडलेला थेंब बोटावर घ्या. काळं आणि बुळबुळीत असेल तर ते इंजिन ऑईल. दाट, मधासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर गिअरचं किंवा डिफरन्शियलचं तेल. पातळ असून रॉकेलसारखा वास येत असेल तर डिझेल. मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला तेल दिसलं, तर इंजिनाकडे पाहतच बसू नका. हबचं सील गेलेलं असतं आणि ते तेल ब्रेकच्या लायनरवर जातं. असा ट्रक भरून घाटात नेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

डिपस्टिक आणखी दोन गोष्टी सांगते. तेल दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी शिरलेलं आहे. तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं आणि पातळ झालेलं दिसलं, तर त्यात डिझेल उतरत आहे. पंपाचं किंवा डायफ्रामचं काम असू शकतं. या दोन्ही वेळी इंजिन चालू न करता मिस्त्रीला बोलवा.

दुसरा प्रश्न, कुठून गळतंय? थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. तेल वरून ओघळत येतं, आणि पंख्याचा वारा ते मागे ढकलतो. म्हणून ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची. थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुऊन फडक्याने कोरडं करा. संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरा. मग इंजिन दहा मिनिटं हळू चालवून बॅटरीच्या उजेडात पाहा. पांढऱ्या भुकटीवर तेलाची पहिली रेघ जिथे उमटेल, तिथे गळती. हे पाहताना धोतराचा सोगा, उपरणं, पदर किंवा सैल बाही पंख्याजवळ नेऊ नका. मुलांना लांब ठेवा.

अचानक सुरू झालेली गळती पुष्कळदा साध्या जागी निघते. नुकतंच तेल बदललं असेल तर ड्रेन प्लगचा वायसर पाहा. ऑईल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर बसवला की धार लागते. याशिवाय ऑईल प्रेशरचा स्विच, ब्रेकच्या हवेच्या कॉम्प्रेसरला जाणारी तेलाची नळी, टर्बो असल्यास त्याच्या नळ्या आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग या जागा तपासा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून काळं तेल ठिबकत असेल आणि क्लच घसरत असेल, तर मात्र क्रँकच्या मागच्या सीलचा संशय घ्यावा. ते काम मोठं आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित : कशामुळे गळतंय? इंजिनाच्या पोटात थोडा वायू नेहमी उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी असते. काही गाड्यांत ती खाली मोकळी सोडलेली असते, तर काहींत एअर फिल्टरच्या नळीला जोडलेली असते. ही नळी चोंदली की आतला दाब वाढतो आणि जिथे पॅकिंग कच्चं, तिथून तेल बाहेर ढकललं जातं. म्हणून एकाच वेळी दोन-तीन जागा गळू लागल्या, तर आधी ब्रीदर पाहा.

माझ्या कामाच्या भागात एका शेतकऱ्याचा ट्रक पावसाळाभर उभा होता. दिवाळीनंतर बाहेर काढला, तर पुढून-मागून तेल गळू लागलं. इंजिन उतरवायचं ठरतही आलं होतं. तेवढ्यात एका जाणत्या मिस्त्रीने ब्रीदरची नळी काढली. आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं होतं. तारेने नळी साफ केली, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, आणि गाडी माल घेऊन गेली. मागच्या धुऱ्यालाही असाच छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला तरी हबची सीलं गळतात.

ब्रीदर साफ असूनही त्यातून भकाभक धूर येत असेल, तर मिस्त्री लोक ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते झालेलं आहे, म्हणजे रिंगा झिजल्या आहेत. मग नुसती सीलं बदलून पैसे वाया जातात. तसंच वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरणं हेही गळतीला आमंत्रणच आहे.

डिझेलच्या टाकीच्या झिरपणीला साबण चोळतात, तो उपाय इंजिनाच्या तेलाला चालत नाही. गरम आणि दाबाखालचं तेल त्याला जुमानत नाही. बारीक थेंब पडत असेल तर सोबत तेल घेऊन, दर पंधरा-वीस किलोमीटरला डिपस्टिक पाहत जवळची दुरुस्ती गाठता येईल. धार लागली असेल तर गाडी ओढूनच न्यावी, माल दुसऱ्या गाडीत भरावा. एका खेपेचं भाडं इंजिनापेक्षा नक्कीच स्वस्त पडतं.

सांडलेलं तेल माती किंवा लाकडाच्या भुशाने टिपून घ्या. काढलेलं जुनं तेल डब्यात साठवून जुनं तेल घेणाऱ्याला द्या. विहिरीच्या, पाटाच्या किंवा गोठ्याच्या बाजूला ओतू नका.

जुना ट्रक विकत घेताना नुकतंच धुऊन चकचकीत केलेलं इंजिन पाहून भुलू नका. अर्धा तास चालवून पुन्हा खाली वाकून पाहा. आणि घेतल्यावर रोज सकाळी बैलाला वैरण टाकताना जसा त्याच्या अंगावरून हात फिरवता, तशी एकदा डिपस्टिक पाहून गाडीखाली नजर टाका.

हे पत्रक गाडीच्या खणात ठेवा. नमस्कार.