शिकून आलेल्याने शिकवावे
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



विद्येच्या देवतेपुढे आम्हा सरकारी नोकरांनी आपल्याच शिकण्याविषयी बोलावे, हे योग्यच. आमच्यापैकी बरेच मराठी शाळेतले. नोकरी लागल्यावर कन्नड भाषेची परीक्षा दिली. २०१२ मध्ये संगणक साक्षरता परीक्षेचे नियम आले, तेव्हा केस पिकलेले सहकारी घरी मुलांकडून टायपिंग शिकले. म्हैसूरच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत जायला तर गाडी आपल्या लोंढ्यातूनच मिळते.

पण प्रमाणपत्र आणले की झाले, असे आम्हीही समजत होतो. एकदा जमिनीच्या उताऱ्यासाठी एक आजी तीन वेळा हात हलवत परत गेल्या. संगणकावरचे ते काम येणारा एकच, आणि तो रजेवर. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "पोरांनो, एकजण शिकला तर बाकीच्यांना का नाही सांगत?" आम्ही माना खाली घातल्या.

तेव्हापासून ठरवले: प्रशिक्षणाहून आलेल्याने आठवडाभरात इतरांना तासभर शिकवायचे. प्रत्येक काम किमान दोघांना आलेच पाहिजे. कामाच्या पायऱ्या वहीत कन्नड आणि मराठीत लिहायच्या. माणसाची बदली होते, वही टेबलावरच राहते. 'सकाल' कायद्याने कामांना मुदत घातली आहे. ती एकट्याच्या भरवशावर पाळता येत नाही.

तुमचे काम खिडकीशी अडले, तर आजींसारखे जरूर विचारा. त्यांनी विचारले म्हणून आम्ही शिकलो.

गणपती बाप्पा मोरया!