समुद्रापलीकडचं पान का उघडत नाही?

श्रोतेहो, एका जानेवारीतली गोष्ट सांगतो. आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी जर्मनीतल्या विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज भरत होती. मुदत तिथल्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. रात्री नऊच्या सुमारास ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, नेट चालू आहे, पण विद्यापीठाचं पान काही केल्या उघडत नाही." माझ्या घरी त्याच कंपनीची जोडणी, तिथंही तीच गत. रेल्वेचं आरक्षण दिसत होतं, शासनाची पानं दिसत होती, यूट्यूबवर गाणी वाजत होती.

"यूट्यूब परदेशीच ना? मग लाइन तर बरी आहे," असं तिचे वडील म्हणाले. इथंच पुष्कळांची फसगत होते. असल्या मोठ्या कंपन्या आपला माल भारतातल्याच कोठारांत भरून ठेवतात, कधीकधी तर आपल्याला नेट पुरवणाऱ्या कंपनीच्याच आवारात. तेव्हा गाणं वाजलं म्हणून परदेशची वाट मोकळी आहे असं ठरत नाही. बहुतेक विद्यापीठांची अशी कोठारं नसतात. त्यांच्याकडे जायचं तर समुद्राखालूनच.

ही वाट जुनी आहे बरं का! १८७० साली मुंबईची तार एडन आणि सुएझच्या मार्गानं इंग्लंडला जोडली गेली. आज तांब्याच्या जागी काचेचे तंतू आले, पण युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच केबली अजून तांबड्या समुद्रातूनच जातात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ दोन केबली तुटल्या आणि आपल्याकडची कामं रखडली. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तेच झालं. अशा वेळी वाहतूक लांबच्या वळणानं जाते. पान उघडतं, पण रखडत.

आमच्या त्या रात्री मात्र पान मुळीच उघडत नव्हतं. मी पहिल्यांदा दुसऱ्या कंपनीच्या मोबाईलवरून तेच पान उघडून पाहिलं. उघडलं! म्हणजे विद्यापीठाचा दोष नाही, सरकारी बंदीही नाही. दोष आमच्या कंपनीच्या वाटेत. ही एक परीक्षा केली तरी निम्मा घोळ मिटतो, आणि तीच आपण सहसा करत नाही. राउटर मात्र दहादा बंद-चालू करतो.

मुलीला म्हटलं, आधी अर्ज भरून घे, चिकित्सा मागाहून. मोबाईलला रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर. तिथं कांबळं पांघरून, फोनचं नेट लॅपटॉपला देऊन, साडेबाराला अर्ज गेला.

दुसऱ्या दिवशी मी दोषाच्या मागे लागलो. यात दोन प्रकार असतात. एक, पत्त्याचा घोळ. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सांगणारी जी यंत्रणा असते तिला डीएनएस म्हणतात. टपाल कचेरीतल्या पत्त्यांच्या वहीसारखी. कंपनीची वही चुकत असेल, तर राउटरच्या मांडणीत ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा क्रमांक घालून दुसऱ्याची वही वापरता येते. मी तसं केलं. फरक पडला नाही. म्हणजे दुसरा प्रकार, रस्त्याचा.

रस्ता पाहायला विंडोजच्या संगणकात सोय आहे. कमांडची काळी खिडकी उघडा आणि टी, आर, ए, सी, ई, आर, टी ही अक्षरं सलग टाईप करा, मग जागा सोडून संकेतस्थळाचं नाव. एस. टी. च्या थांब्यांसारख्या ओळी एकाखाली एक येतात. शेजारचे आकडे मिलिसेकंदांचे. ते वीस-तीसवरून एकदम सव्वाशे-दीडशेवर चढले तर घाबरू नका. गाडी समुद्र ओलांडून गेली, इतकंच. मधे एखाद्या ओळीत फुल्या दिसल्या तरी तो दोष नव्हे. काही थांबे उत्तरच देत नाहीत, पण गाडी पुढे सोडतात. मात्र एका ओळीनंतर शेवटपर्यंत फुल्याच फुल्या असतील, आणि पानही उघडत नसेल, तर त्या सुमारास वाट अडली असा संशय घ्यावा. आमच्याकडे मुंबई सोडताच फुल्या सुरू होत होत्या.

तक्रारीच्या फोनवर अपेक्षेप्रमाणे उत्तर मिळालं: "सर, राउटर रिस्टार्ट करा." या मंडळींवर रागावण्यात अर्थ नाही, त्यांच्यापुढे लिहिलेला कागदच तो. मी तक्रारीचा क्रमांक मागून घेतला आणि ई-पत्रानं सगळं कळवलं: पानाचं नाव, तारीख, वेळ, दुसऱ्या कंपनीवरून पान उघडतं ही गोष्ट, आणि त्या ओळी जशाच्या तशा, सकाळच्या आणि रात्रीच्या. "हे आमच्या मार्ग-विभागाकडे पाठवा" असंही लिहिलं. दाद लागली नसती तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायची माझी तयारी होती; तशी तरतूद नियमांत आहे.

चौथ्या दिवशी एका इंजिनियरचा फोन आला. म्हणाला, "मास्तर, बाहेरच्या एका वाटेवर आमची चूक होती. आता बघा." पाहिलं. पान उघडलं, शेवटच्या ओळीत आकडा होता १४२.