दूरच्या ग्रहांवरची हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



ग्रह म्हटले की आपल्याला पत्रिकेतले नऊ आठवतात. मी आज बोलणार आहे ती दुसऱ्याच ग्रहांविषयी. आपल्या सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणारे सहा हजारांहून अधिक ग्रह आजवर सापडले आहेत. त्यांतले थोडे फार तापलेलेही नसावेत आणि गोठलेलेही नसावेत. तिथे कोणी जीव असेल का, याचा माग तिथल्या हवेत काढावा लागतो.

इतक्या दूरची हवा तपासायची कशी? शेजारी फोडणी पडली की आपण उठून पाहायला जात नाही. हिंग की लसूण, ते वासावरून कळते. शास्त्रज्ञ वासाऐवजी प्रकाश घेतात. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. प्रत्येक वायू त्यातले आपले ठरावीक रंग शोषून घेतो. उणे रंग कोणते, ते पाहिले की वायू ओळखता येतो. सारा सीगर या विदुषीने सहकाऱ्यासह २००० साली याचे गणित मांडले. आपल्याच हवेचा अडथळा नको, म्हणून दुर्बीण अवकाशात हवी. २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवर असून तिचा आरसा साडेसहा मीटरांचा आहे.

सिंह राशीत सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर एक तांबूस, मंद तारा आहे. त्याचा आज दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा आपल्याकडे लोकमान्य हयात होते! त्याभोवती ३३ दिवसांत फेरी घालणारा के२-१८ बी हा ग्रह पृथ्वीच्या अडीचपटींहून थोडा रुंद आहे. २०१९ साली तिथे पाण्याची वाफ सापडल्याचे जाहीर झाले. २०२३ साली वेब दुर्बिणीला मिथेन व कार्बन डायऑक्साइड दिसले आणि आधीची खूण पाण्याची नसून मिथेनची असावी असे कळले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे भारतीय वंशाचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या खुणा दिसल्याचे सांगितले. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. समुद्राच्या वासात त्याचाही वाटा असतो. वर्तमानपत्रांत एकच गाजावाजा झाला.

परंतु अशी खूण निव्वळ योगायोगाने दिसण्याचा संभव हजारात तीन होता. शास्त्राला तो सतरा लाखांत एक इतका कमी लागतो. खुद्द त्या गटानेही आणखी निरीक्षणे हवीत असेच म्हटले होते. इतरांनी तीच मोजमापे पुन्हा तपासली, तेव्हा खूण पक्की ठरेना. शिवाय हाच वायू एका धूमकेतूवरही आढळला आहे, आणि तिथे तर जीव नाहीत.

भगिनींनो, मला यात निराशेचे काही वाटत नाही. आपण विश्वात एकट्या नाही, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? म्हणूनच ते उत्तर अधिक वेळा पाखडून घ्यायला हवे. धान्य आपले म्हणून कोणी खडे शिजवीत नाही. गोड बातमी हाती असताना "अजून नाही" म्हणायला धीर लागतो, आणि तोच शास्त्राचा खरा दागिना आहे असे मी मानते.