विद्यार्थ्याचा योगक्षेम

‘योगक्षेम’ हा शब्द आज बहुधा खुशाली विचारण्यापुरताच उरला आहे. परंतु त्याच्या दोन अवयवांना स्वतंत्र अर्थ आहेत. जे मिळालेले नाही ते मिळवणे म्हणजे योग, आणि जे मिळाले आहे ते राखणे म्हणजे क्षेम. महाविद्यालयात जाणाऱ्या निर्धन विद्यार्थ्याच्या योगाची चिंता समाजाने बरीच वाहिली. क्षेमाची तितकी वाहिली नाही. प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात, सत्कार होतो, कोणी उदार गृहस्थ पहिल्या वर्षाचे शुल्कही भरतो. दुसऱ्या वर्षी तोच विद्यार्थी तितकाच निर्धन असतो, पण त्या वेळी त्याची आठवण फारशी कोणाला होत नाही. उंबरठ्यावरून परतलेल्याची संधी जाते. अर्ध्या वाटेवरून परतलेल्याची संधी जाते आणि खर्ची पडलेली वर्षेही जातात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे 1913 साली बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि 1916 साली लंडनला आले. तेथे अर्थशास्त्र आणि कायदा असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. पण 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना भारतात परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि पगारातून पैसा साठवला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने रक्कम कर्जाऊ दिली, तेव्हा कुठे 1920 साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. तेथील डी.एस्सी. ही पदवी 1923 साली त्यांच्या हाती आली. शिष्यवृत्तीची मुदत आणि अभ्यासाची मुदत यांचा मेळ न बसल्याने असामान्य बुद्धीच्या माणसालाही तीन वर्षे थांबावे लागले. ज्याला शाहू महाराज भेटले नाहीत आणि भथेनाही भेटले नाहीत, अशा सामान्य विद्यार्थ्याची गत काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येते.

विद्यार्थ्याचा खर्च म्हणजे केवळ शुल्क, हा समजही क्षेमाच्या आड येतो. पूर्वी गावोगावची मुले पुण्यासारख्या ठिकाणी शिकत, तेव्हा कोणी माधुकरी मागे, कोणी वार लावून जेवे. विद्येपेक्षा पोटाचा प्रश्न बिकट होता. शाहू महाराजांनी तो ओळखला, आणि 1901 सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहत गेली. महाराष्ट्र शासनाने 2024–25 या वर्षापासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णपणे माफ केले, ही गोष्ट स्वागतार्हच होय. तथापि खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे आणि प्रवासखर्च यांना माफी नसते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी निराळा मार्ग घेतला. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्रही मोडले गेले; पण केवळ दानावर संस्था चालवणे त्यांना मान्य नव्हते. साताऱ्यात 1947 साली निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व त्यांनी उच्च शिक्षणात आणले. श्रमाच्या मोबदल्यात शिकणारा मुलगा कोणाचा मिंधा राहत नाही, आणि काम चालू आहे तोवर त्याचे साहाय्यही चालू राहते.

तिसरा मार्ग कर्जाचा. जमशेटजी टाटांनी 1892 साली उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. एकाने फेडलेला पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, हे त्यातील मर्म. केंद्र शासनाने नोव्हेंबर 2024 मध्ये मान्य केलेल्या ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण किंवा जामीन न मागता कर्ज देण्याची तरतूद आहे. ज्याच्या बापाजवळ गहाण टाकण्यास जमीन नाही, त्याला हा मोठाच आधार होय. परंतु नोकरीची शाश्वती नसलेल्या घरात कर्जाचे भय असतेच. म्हणून कर्ज हे शिष्यवृत्तीच्या जोडीला असावे. तिची जागा त्याने घेऊ नये.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 सालापासून सुरू झाली, आणि 1948 साली अनुसूचित जमातींनाही तिचा लाभ मिळू लागला. तीत शुल्काबरोबर निर्वाहभत्ताही आहे. विद्यार्थी परप्रांतात शिकत असला तरी ती त्याच्या मूळ राज्याकडून मिळते; दिल्लीत किंवा बनारसला शिकणाऱ्या विदर्भातील मुलाचा अर्ज महाराष्ट्राकडेच जातो. अंतर वाढले, कचेऱ्या दोन झाल्या, की एका दाखल्यासाठीही गावी खेप घालावी लागते. निर्वाहभत्ता वर्ष सरल्यावर हाती आला, तर तोवर खाणावळवाला थांबत नाही, आणि सावकाराचे व्याजही थांबत नाही. वेळेवर न आलेले साहाय्य हे पुष्कळदा न मिळालेल्या साहाय्याइतकेच निरुपयोगी ठरते.

नूतनीकरणाच्या अटींचाही येथे विचार हवा. केंद्र शासनाच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीत पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पुढील वर्षी ती चालू राहण्यास 50 टक्के गुण आणि 75 टक्के उपस्थिती लागते. सार्वजनिक पैशाला शिस्त हवी, यात वाद नाही. पण ज्या मुलाला पोटासाठी रात्री काम करावे लागते, त्याचीच उपस्थिती घटते. ज्या मुलीला घरचे आजारपण काढावे लागते, तिचेच गुण उतरतात. पहिल्या चुकीला साहाय्य तोडणे म्हणजे ज्या दारिद्र्यावर उपाय योजला त्याच दारिद्र्याची शिक्षा देणे होय. अशा वेळी एका सत्राची सवलत आणि प्राध्यापकांची देखरेख अधिक हितकर ठरेल.

शासनाचे काम शासनाने करावे. पण क्षेमाचा काही भार समाजही सहज उचलू शकेल. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा नगरांत मराठी मंडळी आहेत आणि त्यांची मंडळेही आहेत. दहा विद्यार्थ्यांचे पहिले वर्ष साजरे करण्यापेक्षा तीन विद्यार्थ्यांना शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचवण्याचा संकल्प अशा एखाद्या मंडळाने केला, तर त्याचा गाजावाजा कमी होईल. पण तिघेही पदवी घेऊन घरी परततील.