सडा पडीक नसतो

श्रोतेहो, पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाचे बेत सुरू होतात आणि खड्डे खणायला नेमका सडा निवडला जातो. म्हणे, जागा मोकळीच आहे! नाही हो, मोकळी नाही. तिथले दोन रहिवासी आज सांगतो: आंबोली भेक आणि वायतुरा.

भेक सिंधुदुर्गातला, कुशीला पिवळे पट्टे असलेला. शास्त्रात त्याचं वर्णन झालं २००९ साली. आंबोलीच्या परिसरापुरताच उरलेला, अतिसंकटग्रस्त. वायतुरा साताऱ्याकडचा, कासच्या पठारावर डबक्यांतून दुफाट्याचा तुरा वर काढतो. त्याला शास्त्रीय नाव मिळालं १९८२ साली. एक प्राणी, एक वनस्पती. पण दोघांचीही सगळी भिस्त पावसाळी डबक्यावर.

सडा म्हणजे जांभ्याचा तवा. पाऊस पडला की त्यावर बोट-दोन बोटं पाणी साचतं. भेक तेवढ्यातच अंडी घालतो आणि पाणी आटायच्या आत पिल्लांना पाय फुटावे लागतात. तवा निवायच्या आत भाकरी उरकायची, तशी घाई. वायतुऱ्याचं तसं नाही. त्याचा कंद चिखलात अन्नसाठा धरून कोरडे महिने काढतो. भेकाच्या पिल्लांपाशी असा साठा नाही. डबकं आटलं की खेळ खलास.

आता सांगा, भिंतीला टेकवून ठेवलेला तवा कोणी भंगारात देतं का? त्यात माती भरून रोप लावतं का? सड्यावर खड्डे खणताना आपण तेच करतो. कातळ फुटला की पाणी जिरतं, भेकाची डबकी कोरडी पडतात. खणलेली माती वाहून डबक्यात बसली की वायतुऱ्याचा कंद गाडला जातो. हौसेनं सड्यावर गाड्या फिरवणाऱ्यांनो, तुमच्या चाकांखाली हे दोघेही येतात.

पुन्हा सांगतो: सडा पडीक नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेलं असलं तरी नाही!

वेळ संपत आली. खाणींबद्दल, पवनचक्क्यांच्या रस्त्यांबद्दल बोलायचं होतं, ते राहिलंच. झाडं जरूर लावा, पण जिथे माती आहे, जिथे पूर्वी झाडं होती, तिथे. ग्रामसभेत वृक्षारोपणाचा विषय निघाला की उठून विचारा, खड्डे कुठे खणणार? उत्तर ‘सड्यावर’ असं आलं, तर तिथल्या तिथे हरकत घ्या.